एकोणिसावा थर

धुरपताबाई सोनवणे म्हणजे वकिलाचा अंत पाहणारी अशील होती. "तुरीच्या शेतात ती झाडं कुणी लावली?" हा प्रश्न वैजयंताने तिला त्या दिवशी चौथ्यांदा विचारला, आणि चौथ्यांदा बाईने तुरुंगाच्या भेटीच्या खोलीतल्या पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"बाई, तेवीस किलो गांजा आहे. वीसच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण. म्हणजे कमीत कमी दहा वर्षं. तुमचं वय आत्ताच छप्पन्न आहे."

"मोजता येतं माले."

"मग नाव सांगा की!"

"नाव सांगनार नही. आन् गुन्हा बी कबूल करनार नही. तू लढ."

वैजयंता देवरेने फाइल मिटली. सातपुड्याच्या पायथ्याशी नांदरखेड्याच्या कोर्टात ती वीस वर्षं गांजाचे खटले लढत होती. खोटं बोलणारे, रडणारे, देवाची शपथ घेणारे, सगळे तिने पाहिले होते. पण नाव सांगणार नाही म्हणून शांतपणे दहा वर्षं पत्करणारी बाई पहिलीच. आणि मजा अशी, की सरकारी खर्चाने वकील देताना या बाईने यादीतली बाकीची नावं ऐकूनही घेतली नव्हती. देवरे वकीलीणच पाहिजे, असा हट्ट धरून बसली होती.

"माझंच नाव का घेतलंत?" वैजयंताने उठता उठता विचारलं.

धुरपताबाई पुन्हा पंख्याकडे पाहू लागली.

आता हे खटले कसे बदलले होते, ते सांगायला हवं. पूर्वी गांजाच्या खटल्यात साक्षीदार फुटायचे, पंच कोर्टात येऊन "मी तर तिथं नव्हतोच" म्हणायचे, नमुन्याचं सील तुटलेलं निघायचं. वकिलांचं पोट त्यावरच चालायचं. मग चीकवाचन आलं. यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते फक्त निकालपत्रात यायचं. कोर्टात शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे चीकवाचनच म्हणत.

त्यामागचं विज्ञान ऐकायला सोपं आहे. गांजाच्या फुलोऱ्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा काचेच्या टाचण्या असतात. त्या टाचण्यांच्या डोक्यांतून चीक पाझरतो. दिवसाच्या उन्हात त्यातला हलका वास उडून जातो आणि चीक घट्ट होतो. रात्रीच्या गारव्यात वरून नवा पाझरतो. असा रोज एक थर चढतो. एखाद्याने त्या फुलोऱ्याला हात लावला, तर त्याच्या कातडीची धूळ आणि कातडीवरचे अदृश्य जंतू त्या चिकात अडकतात, आणि दुसऱ्या दिवशीचा थर त्यांच्यावर झाकण घालतो. ती धूळ ज्याची त्याची असते, दुसऱ्या कुणाची नसते. झाड कापलं की थर चढणं थांबतं. म्हणून कापणीच्या दिवसापासून उलटं मोजत गेलं, की कुठल्या दिवशी कुणाचा हात लागला ते यंत्र सांगतं.

कापणीच्या आधी ज्याचा हात, तो लागवड करणारा. कापणीनंतर ज्याचा, तो बाळगणारा. नव्या दुरुस्तीने कायद्यात अशी सरळ विभागणी झाली होती. साहजिकच तालुक्यातल्या कृषी केंद्रांत रबरी हातमोज्यांचा तुटवडा पडला. मिरची तोडायला लागतात, असं गिऱ्हाईक सांगे, आणि दुकानदार मान डोलावे.

धुरपताबाईंच्या प्रकरणातला अहवाल तीन ओळींचा होता. पहिली ओळ: पन्नास दिवसांच्या थरांत जागोजागी रबरी हातमोज्याची भुकटी, माणूस अज्ञात. दुसरी: एकोणिसाव्या थरात मोकळ्या हाताचा स्पर्श, फक्त त्या एकाच दिवशी, पुरुष, अज्ञात. तिसरी: कापणीच्या दिवशी आरोपीचा हात. तो तर पोलिसांनीच तिला झाडं उपटायला लावल्यामुळे लागला होता. पण सरकारी वकिलांचं म्हणणं साधं होतं. हातमोजे बाईचेच, शेत बाईचं, आणि एकोणिसाव्या दिवसाचा तो पुरुष कुणी वाटसरू असेल. त्याचं नाव कळेपर्यंत या म्हणण्याला उत्तर नव्हतं. नाव कळलं असतं, तर चिकात उमटलेल्या हातमोज्याच्या ठशांशी त्याचा पंजा ताडून आतली बोटं त्याचीच होती की नाही, हे तज्ज्ञांना सांगता आलं असतं.

वजनाचाही एक मुद्दा होता. पोलिसांनी ओली झाडं मुळांसकट, मातीसकट काट्यावर टाकली होती. कायद्यात गांजा म्हणजे फक्त फुलोरा. तेवढाच तोलला, तर तीन-चार किलोही भरला नसता. पण त्याने शिक्षा कमी झाली असती, बाई सुटली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंताच्या नावाने एक बंद लखोटा आला. ती वगळणीची चिठ्ठी होती. मुद्देमाल हाताळणाऱ्या किंवा तपासणाऱ्या प्रत्येकाला, पोलीस असो, कारकून असो की वकील, आपल्या तळव्याची नोंद प्रयोगशाळेत द्यावी लागे. त्याचा हात चुकून नमुन्याला लागला असेल, तर तो हिशेबातून वगळता यावा म्हणून. जुळणी निघाली तर ती फक्त त्या माणसालाच कळवायची, आणि त्याला वाटलं तर पंधरा दिवसांत त्याने ती कोर्टात दाखल करायची, असा नियम होता. आजवर तिला वीसेक चिठ्ठ्या आल्या होत्या, सगळ्यांत एकच ओळ असे: जुळणी नाही.

तिने चहा ओतता ओतता लखोटा फोडला.

"एकोणिसाव्या थरातील अज्ञात पुरुष: आपल्या नोंदीशी अर्धी जुळणी. नातं: सख्खं भावंड."

चहा कपातून बशीत आणि बशीतून टेबलावर गेला. वैजयंताला एकच सख्खं भावंड होतं. हेमकांत. तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

जाऊन म्हणजे घर सोडून. माणसं "गेला" हा शब्द चुकीच्या अर्थाने घ्यायची, म्हणून ती तो शब्दच टाळायची. हेमू कृषी पदवीधर होता, कृषी सहायकाच्या परीक्षेत पास झाला होता, नेमणुकीचं पत्र यायचं होतं. तेवढ्यात बसमध्ये त्याच्या पिशवीत चारशे ग्रॅम गांजा सापडला. मित्राने ठेवायला दिलेली पुडी होती. हेमूने ती उघडूनही पाहिली नव्हती. ते खरं होतं आणि वैजयंताला ते खरं आहे हे माहीतही होतं. पण तेव्हा ती हुशार वकील होती. अल्प प्रमाण, किरकोळ शिक्षा. खटला लढवायचा तर दोन-तीन वर्षं तारखा. तिने त्याला सांगितलं, "कबूल करून टाक. दंड भरू. दुपारच्या जेवणाला घरी."

न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? हेमूने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली. तो म्हणाला, "कबूल आहे."

दुपारच्या जेवणाला ते खरंच घरी होते. आईने वांग्याचं भरीत केलं होतं. तीन आठवड्यांनी नेमणूक रद्द झाल्याचं पत्र आलं, कारण आता तो शिक्षा झालेला इसम होता. हेमू तिला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. एका सकाळी त्याची चप्पल दारात नव्हती. आई तीन वर्षं वाट पाहून वारली, वडील तिच्याही आधीच.

दर भाऊबीजेला वैजयंता पाट मांडायची, रांगोळी काढायची, ताट तयार करायची. समोरच्या पाटीलवहिनी दरवर्षी न चुकता सांगायच्या, "वैजूताई, चंद्राला ओवाळा हो. रिकाम्या पाटासमोर नका बसू." ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. वैजयंताने अकरा वर्षांत एकदाही चंद्राकडे पाहून निरांजन फिरवलं नव्हतं. मला भाऊ आहे, असं ती म्हणायची. वहिनी मग विषय बदलायच्या.

तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. झाडं उपटली ती तारीख पंचनाम्यात होती. तिथून बोट ठेवत ती उलटी मोजत गेली. एक, दोन, तीन. एकोणीस आकडे झाले तेव्हा तिचं बोट कार्तिक शुद्ध द्वितीयेवर होतं.

भाऊबीज.

ती रडली. आधी मोठ्याने, मग कुणी अशील येईल म्हणून हलक्या आवाजात. तो जिवंत होता. मागच्या भाऊबीजेला, ती इथे रिकाम्या पाटासमोर बसली होती तेव्हा, तो बावीस किलोमीटरवर एका तुरीच्या शेतात उभा होता.

दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा तुरुंगात गेली. तिने ती चिठ्ठी धुरपताबाईंसमोर धरली. बाईला वाचता येत नव्हतं. पण वैजयंताचा चेहरा तिने वाचला.

"समजनं ना तुले," ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिलेपासून. तो म्हने, मावशी, कधी काही झालं तर नांदरखेड्याले मनी बहीन शे, वकील शे, तिनाकडे जाजो. भलती झुंजार शे." बाई थांबली. "आखो एक सांगेल व्हतं. म्हने, तिनं सगळं ऐकजो. फक्त कबूल कर म्हनी, तर तेवढं ऐकजो नको."

वैजयंताने चिठ्ठीची घडी करून ती पर्समध्ये ठेवली. अकरा वर्षांत हेमूने तिला पाठवलेला हा पहिला निरोप होता.

मग बाईने हळूहळू सगळं सांगितलं. हेमू चार वर्षांपूर्वी फिरत फिरत आला. नोकरी मिळेना, शिक्षा झालेल्याला कोण ठेवतो? शिकलेला होता, झाडातलं कळायचं. गांजाच्या शेतातली नर झाडं वेळेवर ओळखून उपटावी लागतात, नाहीतर फुलोरा वाया जातो. ती नजर त्याला होती. आधी डोंगरात दुसऱ्यांकडे करायचा, मग हिच्या तुरीत आडोशाला लावू लागला. तूर हिची, ती झाडं त्याची. तिला ठाऊक होतं, ते ती नाकारत नव्हती. तो मावशी म्हणायचा, पाणी भरायचा, तिच्या तापात दोन रात्री उशाशी बसला होता.

"मग हातमोजे? बाकी सगळे दिवस घातले, आणि नेमके त्या दिवशीच काढले?"

धुरपताबाईने पदराने नाक पुसलं. "दर भाऊबीजेले तो माले म्हने, मावशी, माले ओवाळ. मी म्हनू, अरे मी तुनी मावशी, बहीन थोडीच शे? तो म्हने, ओवाळ तू, मी डोळा मिटी लेस. मंग पाटावर बसे. हातमोजे काढी टाके. टिळा लाव, हातवर अक्षता ठेव, सगळं कर. आन् मंग तो दिवसभर मोजे घाले नही. म्हने, आज हात असाच राहू दे."

एवढा सावध माणूस. पन्नास दिवस एक चूक केली नाही. आणि सापडला तो बहिणीच्या आठवणीने उघड्या ठेवलेल्या हातामुळे. वैजयंताने कपाळ टेबलाला टेकवलं. पलीकडून बाईचा खरखरीत हात तिच्या केसांवर आला, आणि पहारेकरीण "हात लावायचा नाही" असं ओरडली.

"कोर्टात देऊ नको हाई कागद," धुरपताबाई म्हणाली. "मनं काय, मनं वय झालं. तो अडतीसचा शे."

पंधरा दिवसांपैकी बारा दिवस वैजयंताने तो कागद पर्समध्ये बाळगला. दाखल केला नाही तर कुणी तिला जाब विचारणार नव्हतं. कायदाच तिच्या बाजूने होता. दाखल केला, तर हेमू लागवडीचा आरोपी, त्यात जुनी शिक्षा, म्हणजे या खेपेला दीडपट. आणि ती जुनी शिक्षा तिनेच मिळवून दिलेली. पण या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, जिची तिला स्वतःचीच लाज वाटत होती. कागद दाखल केला तर पोलीस त्याला शोधतील. तिला जे अकरा वर्षांत जमलं नाही ते त्यांना जमेल. तो दिसेल. बेड्यांत का होईना, डोळ्यांना दिसेल. म्हातारीला सोडवायचं म्हणून मी हे करतेय की त्याला पाहायचं म्हणून?

तेराव्या दिवशी ती अ‍ॅडव्होकेट फकिरा तडवी यांच्याकडे गेली. तडवी तिच्याकडेच शिकून तयार झालेला, आता केस पांढरे होऊ लागलेला. सगळं ऐकून तो बराच वेळ पेनचं टोपण काढत आणि लावत बसला.

"मॅडम, मागच्या वेळी तुम्ही सोपं ते केलं आणि त्याला व्यवहार म्हणालात," तो शेवटी म्हणाला. "रागावू नका. तुम्हीच एकदा सांगितलं होतंत मला."

"आता सोपं काय आहे, फकिरा?"

"गप्प बसणं."

तिने धुरपताबाईंचं वकीलपत्र सोडलं, ते तडवीने घेतलं, आणि चिठ्ठी कोर्टात दाखल झाली. स्वतःच्या भावाविरुद्ध कागद देणारी वकील म्हणून बार रूममध्ये दोन दिवस चर्चा रंगली. काहींनी कौतुक केलं, ते जास्त लागलं. पाटीलवहिनींनी दार लावून घेतलं. धुरपताबाई जामिनावर सुटली आणि वैजयंताकडे न बघता बसमध्ये चढली.

पोलीस डोंगरात निघायचे होते. त्याची गरज पडली नाही. बातमी छापून आली त्याच्या तिसऱ्या दिवशी, कोर्ट उघडायच्या आधी, हेमकांत देवरे पायऱ्यांवर येऊन बसला होता. झाडूवालीने त्याला उठवलं तेव्हा म्हणाला, "मावशीची केस माझी आहे. मला आत घ्या."

वैजयंता पोहोचली तेव्हा तो बाकावर दोन शिपायांच्या मध्ये बसला होता. केस विरळ झाले होते. वडिलांसारखा दिसत होता, आणि याची तिने तयारी केली नव्हती. ती समोर जाऊन उभी राहिली. त्याला ओरडावं, मारावं, पोटाशी धरावं, असं सगळं एकदम वाटलं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"जेवलास का?"

"नाही, ताई."

तिने डबा उघडला. एका शिपायाने दुसऱ्याकडे पाहिलं, दुसरा खिडकीबाहेर बघू लागला. हेमूने भाकरीचा तुकडा मोडला. हात उघडे होते. डाव्या अंगठ्यावर लहानपणी विळी लागल्याची खूण अजून होती.

"मी कबूल करणार आहे," तो घास गिळत म्हणाला. "आता खरंच माझं आहे. मागच्यासारखं नाही."

मागच्यासारखं नाही. वैजयंता त्याच्याशेजारी बसली.

"मागच्या वेळी माझं चुकलं, हेमू. तू निर्दोष होतास आणि मला ठाऊक होतं. मला दुपारपर्यंत ते संपवायचं होतं. माझं चुकलं."

तो चावायचा थांबला. अकरा वर्षं तो कशासाठी डोंगरात राहिला होता, ते त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसलं. मग त्याने मान खाली घालून भाजीत भाकरी बुडवली, आणि ती भाकरी बराच वेळ भाजीतच राहिली.

"आता ऐक," ती म्हणाली. आवाज वकिलाचा झाला होता, त्याशिवाय तिला बोलणं जमलं नसतं. "कबुली दिलीस तर तेवीस किलो तसेच राहतील. माती, मुळं, दांडे, सगळं तुझ्या नावावर. कुणी पुन्हा तोलणार नाही. फुलोरा तोलला तर चार किलो आहे. तुझं आयुष्य त्या फरकात आहे. हातमोजे तुझे होते, हे मावशीसाठी खुशाल सांग. पण कबूल नाही म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नाही. नीट तोला, एवढंच म्हणणं आहे ते. तेवढा हक्क तुला तेव्हाही होता."

"आणि किती वर्षं?"

"मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही. पण दर भाऊबीजेला मी तुरुंगात येईन. ताट आत नेऊ देतात, मी विचारून आले आहे."

आरोप ठेवायचा दिवस आला. तडवी पुढे उभा होता. वैजयंता काळा कोट न घालता मागच्या बाकावर बसली होती. तिच्या शेजारी, न बोलावता, धुरपताबाई येऊन बसली. ती अजून वैजयंताशी बोलत नव्हती, पण तिने पिशवी दोघींच्या मध्ये न ठेवता पायाशी ठेवली.

न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला. लागवड, प्रमाण, कलम, जुनी शिक्षा. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

हेमूने मागे वळून पाहिलं. तीच मान, तीच वळण्याची पद्धत. खोलीत इतकी माणसं असताना त्याची नजर थेट तिच्यावर आली, जशी तेव्हा आली होती.

वैजयंताने मान हलवली. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, सगळ्यांना दिसेल अशी.

"कबूल नाही," हेमू म्हणाला.

"मोठ्याने," न्यायाधीश म्हणाले, "लेखनिकाला ऐकू आलं नाही."

"कबूल नाही, साहेब. नीट तोला."

लेखनिकाने ते लिहून घेतलं. धुरपताबाईने वैजयंताचा हात धरला, आणि इथे हात लावायचा नाही असं सांगायला कुणी नव्हतं.